गाळ्यातलं सिनेगॉग : प्रस्तावना

फ्लोरिडात मायामीच्या उत्तरेला सर्फसाइड नावाचं एक चिमुकलं समुद्रकाठचं शहर आहे. तिथल्या व्यापारी पट्ट्यात, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर भाड्याने जागा घेऊन ‘मिद्राश सेफार्दी’ नावाची लहानशी यहुदी जमात प्रार्थना करत असे. नगर प्रशासनाने हरकत घेतली. शहराचे आठ विभाग होते आणि त्यांपैकी सातांत चर्चला वा सिनेगॉगला मज्जाव होता. व्यापारी विभागात खाजगी क्लब चालत, प्रार्थनेसाठी जमणं मात्र चालत नसे. वाद अपील न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ साली निकाल जमातीच्या बाजूने लागला. इतर लोकांना जमायला ज्या विभागात परवानगी आहे तिथे प्रार्थनेसाठी जमणाऱ्यांना वेगळी वागणूक देता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याला आधार होता २००० सालच्या धार्मिक जमीनवापराच्या संघराज्य कायद्याचा. जमातीचा आणखी एक मुद्दा होता : सिनेगॉग दूर गेलं तर शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी म्हाताऱ्यांना नि लेकुरवाळ्यांना फार चालावं लागेल. चार गल्ल्या जास्त चालणं हा काही भारी बोजा नव्हे, असं म्हणत न्यायालयाने तो मात्र बाजूला सारला.

मला या खटल्यात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हाच नाकारलेला मुद्दा. सनातनी यहुदी शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत वाहन वापरत नाहीत. त्यामुळे सिनेगॉग कुठे असावं हे जमिनीचा भाव ठरवत नाही, पाय ठरवतात. जिथे माणसं राहतात तिथून चालत जाता येईल एवढ्यातच ते हवं. त्या वस्तीत मोकळा भूखंड असतोच असं नाही, आणि असला तरी पंधरा-वीस कुटुंबांच्या आवाक्यात क्वचितच येतो. मग उरतो तो बाजारपेठेतला गाळा. ड्रायक्लीनरच्या शेजारचा, दवाखान्याच्या वरचा, पूर्वी कुणाचं तरी फर्निचरचं दुकान असलेला. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ माणसं लागतात, सनातनी रीतीप्रमाणे दहा पुरुष. घुमट लागत नाही, कळस लागत नाही, इमारत कुणाच्या मालकीची आहे हेही कुणी विचारत नाही.

तरीही अशा जागेबद्दल बोलताना लोकांच्या तोंडी एक ‘सध्या’ असतो. सध्या इथे भागवतोय, पुढे खरं सिनेगॉग बांधू. वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमातही हीच समजूत दिसते. तिथे सिनेगॉग म्हणजे बुडापेस्ट, प्राग, फार तर पुण्याचं लाल देऊळ. गाळ्यातली जागा अंतर्गत सजावटीचं किरकोळ काम म्हणून सोडून दिली जाते. या प्रस्तावनेत मला नेमकं याच्या उलट सांगायचं आहे. यहुदी परंपरेच्या आतून पाहिलं तर हलवता येणारी, उचलून नेता येणारी मांडणी ही तडजोड ठरत नाही. पावित्र्याची जी उतरंड त्या परंपरेने लावली आहे, तिच्याशी सर्वांत प्रामाणिक राहणारी हीच रीत आहे. मात्र ती नीट समजून करायला हवी.

उतरंड म्हणजे काय ते आधी पाहू. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहाच्या मेगिल्ला या प्रकरणात विक्रीचा एक नियम आहे. गावाने आपला चौक विकला तर त्या पैशातून सिनेगॉग घ्यावं. सिनेगॉग विकलं तर तोरा, म्हणजे मूळ धर्मशास्त्र, ठेवायची पेटी घ्यावी, पेटी विकली तर तोराची वस्त्रं, वस्त्रं विकली तर धर्मग्रंथ, आणि ग्रंथ विकले तर सेफर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी. उलट्या दिशेने जायचं नाही : गुंडाळी विकून ग्रंथ घेता येत नाहीत, पेटी विकून इमारत घेता येत नाही. ही यादी वास्तुकाराच्या नजरेने एकदा वाचून पाहा. चौकाकडून गुंडाळीकडे जाताना एकंदरीत वस्तू लहान होत जाते, हलकी होत जाते, आणि पावित्र्य वाढत जातं. इमारत या यादीत तळापासून दुसरी आहे. जे सर्वांत पवित्र ते एका माणसाला दोन हातांत धरून दाराबाहेर नेता येतं.

मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्यात आणखी एक बारकावा आहे. बाबिलोनमधली सिनेगॉगं अट घालूनच उभारलेली असतात, असं तिथे म्हटलं आहे. परमुलुखातली जागा कायमची नाही, हे बांधतानाच गृहीत धरायचं. योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ तर थेट भाड्याच्या जागेबद्दल बोलतो. घर भाड्याने घेऊन त्यात प्रार्थना करत असतील, तर त्या घराला सिनेगॉगचा दर्जा येत नाही, असा त्याचा निकाल आहे. पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या भाडेपट्ट्याला हे लागू होतं का, यावर पुढच्या पंडितांनी पुष्कळ खल केला. पण मूळ निकालाचा परिणाम फार मोलाचा आहे. गाळा सोडताना जमातीच्या डोक्यावर भिंतींचा भार राहत नाही. भिंती पुन्हा दुकान होऊ शकतात. जपायचं ते आत असतं.

आणि या साऱ्याच्या मुळाशी वाळवंटातला निवासमंडप आहे. निर्गमच्या पुस्तकात त्याची मापं आणि जोडकाम इतक्या तपशिलाने दिलं आहे की सुताराने समोर ठेवून काम करावं. बाभळीच्या लाकडाच्या ४८ फळ्या, प्रत्येक दहा हात उंच. फळीच्या तळाशी दोन कुसे आणि ते बसवायला चांदीच्या दोन बैठका. आडवे अडसर, वर पडदे, पडद्यांना बिरडी आणि आकडे. खिळा कुठेच ठोकलेला नाही. मुक्काम हलला की लेवी वंशातल्या कोणत्या घराण्याने काय उचलायचं, तेही ठरलेलं. कराराचा कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. त्याच्या कड्यांमध्ये दांडे घातलेले, आणि आज्ञा अशी की ते दांडे कधीही काढायचे नाहीत. मुक्काम वर्षभराचा असो, दांडे तिथेच. मी अंतर्गत रचनेच्या विद्यार्थ्यांना आधी हे वाचायला सांगेन आणि मग चाकांच्या कपाटांचे कॅटलॉग दाखवेन.

घराचं सिनेगॉग होण्याला इतिहासही जुना आहे. सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा युरोपसचं सिनेगॉग १९३२ साली उत्खननात सापडलं. ते मुळात राहतं घर होतं. इ. स. २४४-४५ च्या सुमारास ते वाढवलं गेलं आणि यरुशलेमच्या दिशेच्या पश्चिम भिंतीत तोरासाठी कोनाडा घडवला गेला. तिथली भित्तिचित्रं जगप्रसिद्ध झाली. कोनाड्याकडे लोक कमी पाहतात, पण ज्याने साध्या घराचं प्रार्थनास्थळ झालं तो बदल त्या एका भिंतीतच घडला होता.

मात्र भाड्याच्या जागेची खरी पाठशाळा कोणती असेल तर ती व्हेनिस. १५१६ साली तिथल्या प्रजासत्ताकाने यहुद्यांना घेट्टोत राहायला भाग पाडलं. आधीच्या ख्रिस्ती भाडेकरूंना हलवलं आणि नव्या यहुदी भाडेकरूंचं भाडं एकतृतीयांशाने वाढवलं. घर विकत घ्यायची यहुद्यांना मुभा नव्हती. म्हणजे त्या घेट्टोतली सगळी सिनेगॉगं परक्याच्या मालकीच्या इमारतींत झाली. १५२८-२९ मधली स्कोला ग्रांदे तेदेस्का, १५३२ मधली स्कोला कान्तोन, मग स्कोला इतालियाना. ती वरच्या मजल्यांवर आहेत. सिनेगॉगच्या माथ्यावर कुणाचा संसार नसावा ही जुनी भावना तिथे पाळली गेली. खालून पाहिलं तर बाकीच्या दाटीवाटीच्या घरांत ती वेगळी कळतही नाहीत. ओळीत पाच उंच खिडक्या दिसल्या तरच जाणकाराला खूण पटते. अंधाऱ्या जिन्याने वर जावं तर आत लाकडाचं कोरीवकाम, सोनेरी मुलामा, लाल पडदे.

स्कोला ग्रांदे तेदेस्काचा दिवाणखाना चौरस नाही. जुन्या इमारतीच्या भिंती वाकड्या, त्यामुळे खोली एका बाजूला निमुळती झाली आहे. भिंती पाडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे तिथे स्त्रियांसाठी सज्जा केला तो लंबवर्तुळाकार. वर पाहणाऱ्याच्या नजरेला तो एक अखंड वळण देतो आणि खालच्या भिंतींचा तिरकेपणा विसरायला लावतो. भाडेकरू कवचाला हात लावू शकत नाही, तेव्हा तो आत दुसरं अस्तर उभं करतो, आणि खोलीचा आकार अस्तराच्या आकाराने ओळखला जाऊ लागतो. पाचशे वर्षांपूर्वीचा हा धडा आजच्या कुठल्याही गाळ्याला जसाच्या तसा लागू पडतो. आणि भाड्याच्या जागेचा निकाल देणारा तो ‘शुल्हान आरूख’ पहिल्यांदा छापला गेला तो १५६५ साली, याच व्हेनिसमध्ये.

नंतरच्या काळात न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला आणि लंडनच्या ईस्ट एंडला हेच पुन्हा घडलं. पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांनी गावाच्या नावाने जमाती केल्या आणि भाड्याच्या खोल्या, माड्या, दुकानांच्या मागच्या बाजू घेतल्या. अशांतून क्वचित मोठी वास्तूही उभी राहिली : न्यूयॉर्कचं एल्ड्रिज स्ट्रीटचं भव्य सिनेगॉग १८८७ चं. त्याच वर्षी लंडनमध्ये सॅम्युअल मॉन्टेग्यू यांनी छोट्या जमातींना एकत्र आणून त्यांचा महासंघ उभा केला. बड्या लोकांना त्या कोंदट खोल्यांची लाज वाटे, पण तिथे रोज संध्याकाळी माणसं जमत होती.

आता गाळ्यात शिरू.

पहिला निर्णय लवचीकतेचा नसतो, स्थैर्याचा असतो. एक भिंत ठरवायची आणि तिला हलवायचं नाही. ती यरुशलेमच्या दिशेची : न्यूयॉर्कमध्ये पूर्वेची, मुंबईत पश्चिमेची. तिथे हेखाल, म्हणजे गुंडाळ्यांचं कपाट, त्यावर पडदा, समोर सतत तेवणारा दिवा. रूढ आदर्श असा की दार हेखालच्या समोरच्या बाजूला असावं. गाळा निवडताना जमाती भाडं पाहतात, पार्किंग पाहतात, पण होकायंत्र पाहत नाहीत. मग करार झाल्यावर लक्षात येतं की काचेचं दर्शनी दार नेमकं त्याच दिशेला आहे. उशिरा येणारा प्रत्येक जण हेखालच्या शेजारून, साऱ्या जमातीच्या तोंडावर आत येतो. अशा वेळी दाराच्या आत आडोसा घालून एक लहान ओसरी करावी आणि माणसांना बाजूच्या वाटेने मागे न्यावं. चार-पाच फूट जागा जाते, पण ती वाया जात नाही. पादत्राणं, छत्र्या, बाबागाड्या आणि रस्त्याचा गोंगाट तिथेच थांबतो. आणखी एक : त्या ठरलेल्या भिंतीच्या पलीकडे शौचालय नसावं. नकाशात ही गोष्ट पाच मिनिटांत कळते, नंतर तिच्यावर उपाय नसतो.

हेखाल भिंतीत बांधू नये. ते स्वतंत्र फर्निचर असावं, दाराच्या चौकटीतून बाहेर जाईल एवढ्या रुंदीच्या भागांत उघडणारं, आणि आत कुलपाची पोलादी तिजोरी बसवलेलं. एक सेफर तोरा लिहायला लेखनिकाला साधारण वर्षभर लागतं. त्यात ३,०४,८०५ अक्षरं असतात आणि एखादं पुसलं तरी दुरुस्तीपर्यंत वाचन थांबतं. चर्मपत्राला दमट हवा सोसत नाही, आणि व्यापारी इमारतीत सुट्टीच्या दिवशी वातानुकूलन बंद असतं. म्हणून कपाटाला मागे बाहेरच्या भिंतीपासून थोडं अंतर हवं आणि हवा खेळायला जागा हवी. पुढचा पडदा, लाकडाचा पोत, दिव्याची पितळ या ठिकाणी हात आखडू नये. खोलीत बाकी सगळं साधं असलं तरी चालतं, कारण डोळा इथेच येऊन थांबतो.

तेबा, म्हणजे तोरा वाचायचा मंच, मध्यभागी असावा असं मध्ययुगीन धर्मपंडित मैमोनिदिसने म्हटलं आहे. एकोणिसाव्या शतकात सुधारणावाद्यांनी तो पुढे नेला तेव्हा सनातन्यांनी मोठा विरोध केला. या वादात बाहेरच्या माणसाने पडू नये, पण ध्वनीच्या अंगाने मध्यभागाला एक पक्कं कारण आहे. शब्बाथला सनातनी जमातीत मायक्रोफोन चालत नाही. वाचणारा मध्ये असला की सर्वांत दूरच्या माणसाचं अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं. गाळ्याचं छत बहुधा नऊ फुटांचं आणि वर वातानुकूलनाची घरघर, तेव्हा हे अंतर फार मोलाचं. मंचाची उंची सहा इंचांपेक्षा जास्त ठेवू नये. अमेरिकी नियमाप्रमाणे चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा उतार लागतो, म्हणजे सहा इंचांना सहा फुटांचा रॅम्प. बारा इंच केले तर बारा फूट, आणि लहान खोलीत रॅम्पच खोली होऊन बसतो. खूपदा उंचवटा नसलेलाच बरा : गालिचा, कुलपाच्या चाकांचं तिरप्या फळीचं मेज, आणि त्यावर थेट पडणारा एक चांगला दिवा. वाचणाऱ्याला स्वरचिन्हांशिवायची अक्षरं ओळखायची असतात, त्याला छताच्या ट्यूबलाइटवर सोडू नये.

लवचीकतेची खरी परीक्षा खुर्च्यांमध्ये आहे. समजा १२०० चौरस फुटांचा गाळा आहे. ओसरी, शौचालय, कोठार, चहापाण्याची जागा वगळून ९०० चौरस फूट मोकळे राहिले. अमेरिकेतल्या प्रचलित इमारत संहितेप्रमाणे नुसत्या खुर्च्या मांडल्या तर माणशी ७ चौरस फूट धरतात आणि टेबल-खुर्च्या मांडल्या तर १५. म्हणजे तीच खोली प्रार्थनेला १२८ माणसांची आणि पेसाह या सणाच्या जेवणाला ६० माणसांची. हेखाल आणि तेबाची जागा वजा केली की दोन्ही आकडे आणखी खाली येतात. शिवाय माणसं ५० च्या आत असतील तर ती जागा साधारणपणे कचेरीसारखीच मानली जाते. तो आकडा ओलांडला की ती सभागृह ठरते, दुसरं बाहेर पडायचं दार लागतं, वापरबदलाची परवानगी लागते. लहान जमातीने हा आकडा आपल्या स्वप्नाप्रमाणे ठरवू नये, मागच्या योम किप्पूरच्या, म्हणजे मोठ्या उपासाच्या दिवसाच्या, गर्दीप्रमाणे ठरवावा.

कारण वर्ष सारखं वाहत नाही. रोजच्या प्रार्थनेला बारा जण, शब्बाथला चाळीस, रोश हशाना या नववर्षाला आणि योम किप्पूरला दीडशे. सिम्हाथ तोरा या तोराच्या उत्सवाला मधली जमीन मोकळी हवी, कारण गुंडाळ्या कडेवर घेऊन सात प्रदक्षिणा नाचत घालायच्या असतात. सुक्कोथ या मांडवांच्या सणाला वर आभाळ हवं, तेव्हा गाळ्याच्या मागचं पार्किंग कामी येतं. मात्र सुक्का, म्हणजे तो मांडव, सज्ज्याखाली असून चालत नाही, हे घरमालकाशी बोलताना आधीच सांगावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एरिक मेंडेलसन आणि पर्सिव्हल गुडमन या वास्तुकारांनी मोठ्या सिनेगॉगांसाठी याचं उत्तर दिलं होतं : सरकत्या भिंती उघडायच्या आणि प्रार्थनेची खोली शेजारच्या सभागृहात मिसळायची. गाळ्यात भिंतींऐवजी खुर्च्या सरकतात. एकावर एक रचता येणाऱ्या, खाली सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, ठेवायला कप्पा असलेल्या, पाठीला उभ्या आणि बऱ्यापैकी वजनदार. हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या उभं राहताना किरकिरतात आणि या प्रार्थनेत उभं राहणं पुष्कळ आहे. त्या रचून ठेवायचं कोठार नकाशात पहिल्याच दिवशी दाखवावं. कोठाराविना लवचीकता म्हणजे कोपऱ्यातला पसारा, आणि पसाऱ्यासमोर प्रार्थनेला मन लागत नाही.

स्त्री-पुरुषांमधल्या आडपडद्याबद्दल जमातीजमातींत मतभेद आहेत. सुधारणावादी जमातींत तो नसतोच. दिल्लीच्या हुमायून रोडवरच्या जुदा हायम हॉलमध्येही सगळे एकत्र बसतात. सनातनी जमातींत त्याच्या उंचीवर धर्मपंडितांनी सविस्तर निर्णय दिले आहेत, काहींच्या मते तो खांद्याइतका हवा. रचनाकाराने उंची आपल्या मनाने ठरवू नये, त्या जमातीच्या रब्बीला विचारावी. रचनाकाराचं काम वेगळं आहे : पडद्याच्या पलीकडची जागा मागची, अंधारी, दाराच्या झोताची होऊ नये. आडपडदा खोलीच्या रुंदीला आडवा न घालता लांबीला उभा घातला, तर दोन्ही बाजूंना हेखाल सारखंच दिसतं आणि वाचनही सारखंच ऐकू येतं. जाळीदार लाकडी चौकटी, जमिनीत पितळी खोबणी आणि त्यांत बसणारे खुंटे एवढ्यावर हे काम होतं. फक्त जोडणं-सोडणं शुक्रवारी सूर्यास्ताआधी उरकायचं, कारण शब्बाथमध्ये बांधकामाच्या जातीची कामं वर्ज्य आहेत.

शब्बाथचा विचार इमारतीच्या यंत्रांपर्यंत न्यावा लागतो, आणि अनुभवी रचनाकारही इथे चुकतात. हालचाल टिपून पेटणारे दिवे, कार्ड दाखवून उघडणारं कुलूप, हात पुढे केला की वाहणारा नळ, आपोआप पाणी सोडणारं शौचालय : आजच्या प्रत्येक कचेरीत हे असतं आणि शब्बाथ पाळणाऱ्याला यातलं काहीच वापरता येत नाही. आपल्या गाळ्यातले दिवे टायमरवर टाकता येतात. सामाईक मार्गिकेतले दिवे घरमालकाच्या हातात असतात. शनिवारी इमारतीचं मुख्य दार साध्या किल्लीने उघडेल का, लिफ्टशिवाय चढता येईल का, वातानुकूलन चालू राहील का, हे सही करण्याआधी लिहून घ्यावं.

काचेच्या दर्शनी भागावर दोन परस्परविरोधी मागण्या येतात. तालमूद सांगतो की खिडक्या नसलेल्या घरात प्रार्थना करू नये. आणि २००८ साली मुंबईत नि २०१८ साली पिट्सबर्गमध्ये यहुदी प्रार्थनास्थळांवर झालेले हल्ले पाहिल्यावर कुठल्याही जमातीला उघड्या काचेसमोर पाठ करून बसवत नाही. दुधी फिल्म आणि फुटली तरी न विखुरणारा थर लावून उजेड आत घेता येतो, दृष्टी बाहेर ठेवता येते. दोन दारांच्या मधली ओसरी इथेही उपयोगी पडते. काच पूर्ण विटांनी बुजवलेल्या जागा मी चित्रांत पाहिल्या आहेत, त्यामागचं भय मला समजतं, तरीही वरच्या बाजूला उजेडाची एक पट्टी ठेवावी असंच मी म्हणेन.

आता पैसा. मिश्नाची उतरंड हीच अंदाजपत्रकाची उतरंड मानावी, असं माझं ठाम मत आहे. आधी गुंडाळीची सुरक्षितता, मग तिची वस्त्रं, मग हेखाल, मग पुस्तकांची कपाटं आणि खुर्च्या, शेवटी फरशी आणि छत. बहुतेक ठिकाणी उलट होतं. देणग्या जमल्या की पहिल्यांदा नवी फरशी, नवं फॉल्स सीलिंग, भिंतीत बसवलेलं संगमरवरी काम. पाच वर्षांनी भाडं वाढतं, करार संपतो आणि भिंतीत बसवलेलं सगळं घरमालकाच्या पदरात राहतं. दिवंगतांच्या नावांच्या पाट्यांवरून तर वाद होतात. म्हणून पाट्या भिंतीत न रोवता चौकटीत बसवाव्यात, आणि हेखाल, दिवा, पाट्या, दाराच्या चौकटीवरचा मेझुझा हे सारं भाडेकरूचं जंगम आहे असं करारातच नावानिशी लिहावं. हे कलम वकिलाला फुकटचं वाटेल, पण जमातीला ते वाचवतं.

एक इशाराही द्यायला हवा. लवचीक म्हणजे कशालाही चालणारी खोली नव्हे. सकाळी योगवर्ग, दुपारी शिकवणी, संध्याकाळी प्रार्थना असा बहुउद्देशीय दिवाणखाना करायला गेलं की तो कुणाचाच राहत नाही. दिशा, हेखाल आणि दिवा हे तीन स्थिर असले, तरच बाकीच्या हलण्याला अर्थ येतो. परदेशातली आपली महाराष्ट्र मंडळं शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन गणपती बसवतात, तेव्हा मखराची जागा ठरल्यावरच सतरंज्या कुठे घालायच्या ते ठरतं. इथलं तत्त्व तेच आहे.

मराठी वाचकासमोर हा विषय का ठेवायचा, याचं उत्तर कोकणात आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, आपले ग्रंथ गमावून बसले, असं त्यांची परंपरा सांगते. गावोगाव तेल गाळत ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. शतकानुशतकं त्यांना सिनेगॉग नव्हतं. शनिवारची विश्रांती, सुंता, ‘शेमा’ची प्रार्थना आणि एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा, एवढ्यावर घराच्या ओटीवर धर्म टिकला. पहिलं सिनेगॉग मुंबईत उभं राहिलं ते १७९६ साली, समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेलं ‘शाआर हाराहामीम’, लोकांच्या तोंडी जुनी मशीद. तेही १८६० साली जागा बदलून आजच्या ठिकाणी आलं. पुढे अलिबाग, पनवेल, रेवदंडा, ठाणे इथे देखण्या वास्तू झाल्या. पण त्यांच्या जोडीने मुंबईत प्रार्थना-हॉलही झाले, उमरखाडीतला ‘एट्झ हायीम’ १८८८ चा. मोठ्या सिनेगॉगांवर सुंदर पुस्तकं निघाली आहेत. हॉलांच्या अंतर्भागाबद्दल, म्हणजे तेबा कुठे, बाकं किती, सणाला गर्दी कुठे बसवत, मराठीतल्या संगमरवरी पाट्या कुठे लावल्या, याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. १९४८ नंतर बेने इस्राएलांतली बहुसंख्य कुटुंबं इस्राएलला गेली. अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद, रामले इथे वसली आणि नव्या वस्त्यांत त्यांनीही मिळेल त्या खोलीपासून सुरुवात केली. तिथे अजून मराठी बोलली जाते, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

हे पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्या जमातीला उद्या गाळ्याच्या करारावर सही करायची आहे, तिने शब्बाथ आणि भाडेकरार यांवरची प्रकरणं आधी वाचावीत, नकाशांची नंतर. आणि वास्तुरचना शिकणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. मुंबई, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतली जी लहान प्रार्थनागृहं अजून उघडी आहेत, तिथे विश्वस्तांची परवानगी घेऊन टेप घेऊन जा. दारापासून हेखालपर्यंतचं अंतर मोजा, तेबाची उंची मोजा, बाकांची मांडणी काढा, आणि तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारा की योम किप्पूरला कोण कुठे बसत असे. ते सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी करा.